वासंतीबाईंचा फाटका आवाज

माउथऑर्गन मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात वासंतीबाईंना आठ मिनिटं मिळाली होती, तीही सहा वर्षं मागून मागून. बाकीचे सदस्य जुनी सिनेगीतं वाजवत. वासंतीबाईंना अमेरिकेतला तो दुखऱ्या सुरांचा ब्लूज वाजवायचा होता, आणि तोही त्यांच्या आवाजात.

तो आवाज त्यांनी स्वतः जमवला होता. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेली. लोकांचं रडणं, भांडण, बाळ झाल्याची बातमी, सगळं त्यांनी खरखरीतूनच ऐकलं. निवृत्त होताना भंगारातला एक काळा रिसीव्हर मागून घेतला आणि त्यातला माइक छोट्या डबीत बसवला. डबी आणि माउथऑर्गन एकाच ओंजळीत धरून फुंकलं, की सूर पायाशी ठेवलेल्या दोन पेडलांतून जायचा. एक पेडल त्याला फाडायचं, दुसरं त्याचे पडसाद उठवायचं. मग अ‍ॅम्पमधून, म्हणजे छोट्या ध्वनिवर्धकातून, असं काही यायचं, जणू कुणी ट्रंककॉलवर जीव तोडून बोलतंय.

सकाळी नऊलाच ध्वनिव्यवस्थेवाल्या संपतने हरकत घेतली होती. "मॅडम, आवाज फाटतुय."

"फाटायलाच हवा."

"बरं हाय," संपत म्हणाला, पण त्याचा चेहरा दवाखान्यात वाईट रिपोर्ट ऐकल्यासारखा झाला.

कर्वेनगरचं मंगल कार्यालय भरलेलं होतं. वासंतीबाईंनी पहिला सूर ओढून खाली आणला, मींडेसारखा, आणि पेडल दाबलं. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी श्रवणयंत्र काढून पुसलं. चौथ्या ओळीला अ‍ॅम्प किंचाळला. संपत धावत आला आणि त्याने अ‍ॅम्पचं बटणच खाली फिरवलं. निवेदक अनंतराव पुढे झाले. "रसिकहो, तांत्रिक बिघाडाबद्दल मंडळ दिलगीर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दया आली की वाजवतात तशा. "होतं असं, काकू," कुणी तरी म्हणालं.

वासंतीबाईंनी माउथऑर्गन खाली घेतला. शिव्या परवडल्या असत्या. ही समजूत काढणं कशासाठी? इतक्यात श्यामसुंदरराव, त्यांचे यजमान, खिशातून चिकटपट्टी काढत स्टेजवर चढले.

"अगं, वायर सैल आहे."

"कुठली वायर?"

"तीच, घरची. मी सांगणारच होतो." त्यांनी आवाज उतरवला. "सहा वर्षं स्वयंपाकघरातून हीच खरखर येते. म्हटलं, तुझा हिरमोड नको."

सहा वर्षं हा माणूस दाराआड चहा पीत बिघाड ऐकत होता. आणि प्रेमाने गप्प बसला होता, हे तर फारच झालं.

"बाजूला व्हा."

"अगं पण..."

"अहो, बाजूला व्हा म्हटलं ना. आणि संपत, ते बटण होतं तिथे आण."

संपतने अनंतरावांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि बटण फिरवलं. वासंतीबाईंनी डबी ओठांशी नेली. "बिघाड नाही. मीच आहे."

मीच आहे, मीच आहे, असं फाटत फाटत ते भिंतींवरून परत आलं.

मग त्या वाजवू लागल्या. दोन रांगा बटाटेवड्यांकडे गेल्या. श्यामसुंदरराव पायरीवरच बसले, चिकटपट्टी मांडीवर. संपत मान हलवत होता. तालावर की नापसंतीने, ते कळायला मार्ग नव्हता. वासंतीबाईंनी आठ मिनिटं पूर्ण घेतली. बिघाडात गेलेली दोन मिनिटंही वरून वसूल केली.

"तांत्रिक अडचण आता दूर झाली असून," अनंतरावांनी सुरुवात केली.

"ती निघाली आता घरी," वासंतीबाई म्हणाल्या आणि वायरी गुंडाळू लागल्या.

रिक्षात श्यामसुंदररावांनी चिकटपट्टी खिशात घातली. नळ स्टॉपच्या सिग्नलला त्यांनी धीर करून विचारलं, "सुरुवातीची ती किंचाळी, तीही मुद्दामच?"

"नाही," वासंतीबाई बाहेर बघत म्हणाल्या. "ती चुकली."

श्यामसुंदररावांनी त्यांच्या मांडीवरचा अ‍ॅम्प आपल्याकडे घ्यायला हात पुढे केले. वासंतीबाईंनी तो दिला नाही.