मोहनरावांनी मत सोडलं

चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी गादीवर झोपणं. इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या डॉक्टर मोहनराव टिपणिसांनी यंदा मत सोडलं. सगळीच मतं सोडली असं नव्हे. राजकारण, हवा, कौन्सिलच्या कचरापेट्या, शेजाऱ्याचं कुंपण यांवर बोलायची त्यांना पूर्ण मुभा होती. सोडलं ते फक्त बेसबॉलबद्दलचं मत. हलवायाने साखर सोडावी तसंच झालं ते.

बेसबॉल त्यांना लागला तो तरुणपणी, हाडांच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घ्यायला ते वर्षभर अमेरिकेत ओहायोला गेले होते तेव्हा. परतले ते एक सर्टिफिकेट आणि एक वेड घेऊन. सर्टिफिकेट निवृत्तीनंतर माळ्यावर गेलं. वेड मात्र दर रविवारी घडीची खुर्ची काखोटीला मारून मैदानावर जायचं. गावाच्या कडेला एका पार्काच्या कोपऱ्यात 'हेरन्स' नावाचा हौशी क्लब खेळायचा. बायका-पुरुष एकत्र, कुणी वेअरहाऊसमध्ये कामाला, कुणी बँकेत. टिपणिसांची लेक ईशानी त्यात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर खेळायची. त्या जागेवर सगळ्यात जास्त चेंडू येतात आणि सगळ्यात जास्त बोलणीही बसतात. तिच्या शेजारी दुसऱ्या बेसवर जयंत, कॉव्हेंट्रीत वाढलेला, शाळेत फिजिक्स शिकवणारा, अबोल मुलगा.

मोहनरावांची मतं पुष्कळ होती, पण त्यातली दोन अगदी देव्हाऱ्यात ठेवलेली. पहिलं असं, की टीम ही नऊ चांगल्या खेळाडूंनी होत नाही, जोड्यांनी होते. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस म्हणजे एका ओट्याशी उभ्या दोघी जावा. एकीने मागे न बघता हात केला की दुसरीने त्यात झारा ठेवला पाहिजे. आणि दुसरं असं, की खेळाडू मुरू द्यावा. आज घातलेल्या लोणच्याची बरणी उद्या उघडून नाक मुरडू नये. क्लबचा कोच ग्रॅहम नेमका उलटा. तो फोनमधले आकडे बघून दर रविवारी माणसं इकडची तिकडे करायचा. मोहनराव मैदानाच्या जाळीमागून त्याला दर रविवारी हे समजावून सांगायचे, आणि ग्रॅहम गेली सहा वर्षं एकच उत्तर द्यायचा, "थँक यू, डॉक." मग पाठ फिरवायचा. आयुष्यात एकदा तरी या माणसाने आपणहून येऊन आपलं मत विचारावं, एवढी एकच इच्छा मोहनरावांची उरली होती. बाकी सगळं देवाने दिलं होतं.

गंमत अशी, की मुरू द्यावा म्हणणारे मोहनराव स्वतः मात्र दर चेंडूला बरणी उघडायचे. चेंडू ईशानीकडे गेला की जाळीमागून "थ्रो", जयंत धावला की "पाय, जयंत, पाय". आवाज ऑपरेशन थिएटरात कमावलेला. जुलैच्या सुरुवातीला त्या 'पाय'पायी जयंतच्या हातून एक अगदी सोपा झेल सुटला. त्या आठवड्यात तो प्रॅक्टिसलाच आला नाही.

आषाढी एकादशी आली. मोहनरावांच्या बायकोच्या, मंजिरीताईंच्या, घरात रिवाज असा, की त्या दिवशी पूजेनंतर प्रत्येकाने चातुर्मासापुरतं काहीतरी सोडायचं. आवडीचं सोडायचं, असं शास्त्र. मोहनराव दरवर्षी कारलं सोडायचे. कारलं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. मंजिरीताई कधी वाद घालत नसत. त्यांचा आवाज इतका हलका की देवालाही कान द्यावा लागत असेल. त्या नुसतं म्हणत, "देवाला कारल्याचं माहीत आहे हो," आणि पळीभर पाणी हातावर घालत.

यंदा ईशानी देवघराच्या दारात येऊन उभी राहिली. ऑफिसला जायचे कपडे, हातात कॉफीचा मग, जिभेवर इंग्लंडात वाढलेलं मराठी.

"बाबा, कारलं नको. बेसबॉलचा मत सोडा."

मोहनराव हसले. ईशानी हसली नाही.

"जयंत म्हणतो, तो फील्डवर असतो तेव्हा त्याला डोक्यात तुमचा आवाज ऐकू येतो. तो सोडून जाणार आहे. आणि तो गेला तर मी कोणाबरोबर खेळू? सो, नसेल जमत तर मॅचला येऊ नका. आय मीन इट, बाबा."

मोहनरावांनी बायकोकडे पाहिलं. संसारात इतकी वर्षं झाल्यावर माणसाला थोडी वकिली अपेक्षित असते. मंजिरीताईंनी शांतपणे त्यांच्या ओंजळीत पळीभर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "बघा बाई. पाणी हातात फार वेळ राहत नाही."

मैदान सुटलं तर रविवार कशाला उरायचा? आणि लेक आठवड्यातून तेवढ्याच वेळी मनसोक्त दिसायची. मोहनरावांनी उदक सोडलं.

पहिला आठवडा त्यांनी पळवाटा शोधण्यात घालवला. नाश्त्याला अमेरिकेतल्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघताना म्हणाले, "मी मत देत नाही, फक्त विचारतो. एवढ्या कच्च्या पोराला एवढ्या मोठ्या मॅचला उतरवायचं कारण काय असेल?" मंजिरीताई फुलवाती वळत होत्या. म्हणाल्या, "प्रश्नाच्या पोटात मत आहे. बाहेरून दिसतंय." मग ते स्वयंपाकघरात शिरले. साबुदाण्याबद्दल बोलू लागले. साबुदाणा नीट भिजला नाही आणि गडबडीने कढईत टाकला, तर तो बाहेरून मऊ आणि आतून टणक राहतो, यात साबुदाण्याचा काय दोष, दोष घाई करणाऱ्याचा, असं बरंच. मंजिरीताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हे साबुदाण्याबद्दलच आहे ना?"

"फक्त साबुदाण्याबद्दल."

"मग कोचचं नाव कशाला घेतलंत मघाशी?"

त्यानंतर साबुदाणाही बंद झाला.

रविवारी त्या स्वतः बरोबर निघाल्या. त्यांचं आदित्यराणूबाईचं व्रत. श्रावणातल्या रविवारी उठल्यापासून पूजा होईपर्यंत त्या एक शब्द बोलत नसत, त्यामुळे मौनाच्या बाबतीत घरातला अधिकार त्यांचाच. त्यांनी डबीत खडीसाखर घेतली होती. चेंडू पडायच्या आधी एक खडा जिभेखाली धरायचा आणि विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, एवढी सोपी युक्ती. मोहनराव दोन्ही हात मांडीखाली दाबून, गाल फुगवून बसले. डोक्यावरून हीथ्रोला उतरणारी विमानं जात होती. दर विमानामागे त्यांच्या पोटात एक मत जन्माला येऊन तिथेच विरघळत होतं.

जयंत आला होता. ईशानीने त्याला घरी जाऊन आणलं, असं नंतर कळलं. पहिल्या रविवारी तो दर चेंडूला जाळीकडे बघायचा, कुत्रा आहे का बांधलेला, असं. दुसऱ्या रविवारी कमी बघितलं. तिसऱ्या रविवारी एक चेंडू जमिनीवरून सरपटत ईशानीकडे आला, तिने उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला तेव्हा तिथे कुणीच नव्हतं, आणि चेंडू पोचला तेव्हा जयंत होता. त्याने झेलला, धावणारा पोचायच्या आत बेसवर पाय टेकवला, तसाच पहिल्या बेसवर फेकला. एका चेंडूत दोघं बाद. याला डबल प्ले म्हणतात आणि तो पाहिला की मोहनरावांना शंख फुंकावासा वाटतो.

त्या दिवशी मात्र ते गप्प झाले. नुसते व्रताचे गप्प नव्हेत, आतून गप्प. घरी येताना गाडीत त्यांनी विचारलं, "स्वतःबद्दल मत चालतं का?"

"स्वतःबद्दल चालतं," मंजिरीताई म्हणाल्या. "कुणी फारसं देत नाही, एवढंच."

मग मोहनरावांनी सांगितलं. जयंतचे पाय मंद आहेत असं ते समजत होते. पाय मंद नव्हतेच. तो पोरगा 'थ्रो' ऐकू येईपर्यंत थांबायचा आणि मग निघायचा. ओट्याशी दोघी जावा कामात, आणि मध्ये उभं राहून "झारा, झारा" ओरडणारे आपण. सहा वर्षं. एवढं बोलून त्यांना इतकं हसू आलं, की राउंडअबाउटला त्यांनी दोन फेऱ्या मारल्या.

श्रावणातला शेवटचा रविवार उजाडला तो हेरन्सच्या नशिबाचा. जिंकले तर त्याच गटात राहणार, हरले तर खालच्या गटात, आणि खालच्या गटात गेलं की निम्मी टीम दुसरीकडे जाणार हे उघड होतं. शेवटची इनिंग. हेरन्स एका रनने पुढे. पिचिंगला, म्हणजे चेंडू फेकायला, मायरा, एकोणीस वर्षांची, खांद्यात वीज असलेली मुलगी. ती दमली होती. समोरच्यांचे तिघं बाद झाले की खेळ संपणार; एकजण बाद झालेला, तिन्ही बेसवर तिघं उभे. त्यातला एक तर जयंतच्या हातून चेंडू निसटला म्हणून पोचलेला. जयंत आपल्या ग्लव्हकडे अशा नजरेने बघत होता, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

ग्रॅहमने टाइम घेतला. फोन काढला, आकडे बघितले, फोन खिशात टाकला. आणि मग तो चालत चालत चक्क जाळीकडे आला.

"डॉक," तो हळूच म्हणाला, "मायराला काढू? जयंतला काढू? की दोघांना? तुम्ही सांगा. मला खरंच कळत नाहीये."

मंजिरीताई जपमाळ ओढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मैदानावरून ईशानी मात्र कमरेवर हात ठेवून इकडेच बघत होती.

मोहनरावांच्या जिभेखाली खडीसाखर होती आणि जिभेवर मत. आयुष्यातलं सगळ्यात तयार, सगळ्यात मुरलेलं मत. मायराला ठेव, इथपर्यंत आणलंस ना तिला, आता या एका बॅटरसाठी उचललंस तर ती फक्त उचललं जाणं शिकेल. जयंतला तर हात लावू नकोस, जोडी जुळलीय, जुळलेल्यात बोट घालू नकोस. दोन वाक्यं. सहा वर्षं वाट पाहिलेला माणूस कान पुढे करून उभा होता. देव समजून घेईल, असा विचारही मोहनरावांच्या मनात येऊन गेला. पण देवाचा प्रश्नच नव्हता. लेक बघत होती.

त्यांनी ओठ उघडले. मिटले. दोन्ही हात मांडीखाली अजून घट्ट दाबले आणि ग्रॅहमकडे नुसतं बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुणी मोजलं नाही.

ग्रॅहम थांबला. अजून थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक विलक्षण भाव आला.

"काहीच नाही?" तो म्हणाला. "तुम्हाला यात काहीच चूक दिसत नाही?"

सहा वर्षं न विचारता चुका काढणारा हा माणूस आज विचारूनही एक चूक काढत नव्हता. ग्रॅहमने मनाशी हिशेब केला, मान डोलावली आणि परत फिरला. जाताना टाळ्या वाजवत ओरडला, की कुणीही बदलणार नाही, आहे तसंच खेळायचं.

मायराने श्वास घेतला आणि चेंडू फेकला. बॅटचा खणखणीत आवाज आला आणि चेंडू जमिनीला घासत ईशानीच्या डावीकडून पळाला. ती झेपावली. उचलला. वर बघितलंसुद्धा नाही, हात मागे केला आणि सोडून दिला. जयंत तिथे होता. कसा होता, कधी निघाला, कुणाला कळलं नाही, पण होता. पाय बेसवर, चेंडू हातात, हातातून पहिल्या बेसवर. फटक् करून ग्लव्हमध्ये बसला. दोघं बाद. खेळ खलास.

मोहनराव उडाले. खुर्ची मागे मिटली. खडीसाखर सबंध गिळली गेली आणि घशात अडकली, मंजिरीताईंनी पाठीत चांगले दोन धपाटे घातले तेव्हा खाली उतरली. लाल चेहऱ्याने, तोंड गच्च मिटून, ते दोन्ही हात आकाशात फेकत जाळीच्या कडेने नाचत होते, मुक्यानेच. पलीकडच्या टीमचे लोकही बघू लागले. शेवटी त्यांनी बायकोपुढे येऊन तोंडाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

"अहो, आनंद म्हणजे मत नव्हे," मंजिरीताई म्हणाल्या. "ओरडा."

मग मात्र ते असे ओरडले, की पार्काच्या त्या टोकाला फुटबॉल खेळणारी पोरं थांबली.

ग्रॅहम धावत आला, दोन्ही हातांनी त्यांचा हात हलवला, आणि या सीझनचा सगळ्यात चांगला सल्ला दिल्याबद्दल आभार मानले. मोहनरावांचा चेहरा पडला. व्रत मोडलं की काय? पण मंजिरीताईंनी निकाल लगेच दिला: जे बोललंच नाही, ते धरत नाहीत.

मागून ईशानी आली, गुडघ्यापर्यंत माती, केसांत गवत. तिने बापाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं.

"मी बघत होते," ती म्हणाली. "मला वाटला, तुम्ही बोलणार. मीच म्हणत होते, बोला ना, प्लीज बोला."

मोहनरावांनी डोळे मिटले.

"आणि बाबा, थर्सडेला प्रॅक्टिसला या. जयंत विचारतो. जाळीच्या मागे नाही, आतमध्ये. आम्हाला चेंडू गोळा करायला कोणीतरी पाहिजे."

"आतमध्ये?" मोहनराव म्हणाले.

"आतमध्ये."

ते गाडीपर्यंत तरंगतच गेले. खुर्ची मैदानावरच राहिली. ती मंजिरीताईंनी उचलून आणली. गाडीत बसताना त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. चेंडू कसे गोळा करावेत, टोपली कुठे ठेवावी, कोणत्या बाजूने सुरुवात केली तर खेळाडूंना वळावं लागत नाही, याबद्दल त्या माणसाच्या चेहऱ्यावर एक ताजं मत फुगून आलं होतं.

मंजिरीताईंनी डबीतून एक खडा काढून पुढे केला. मोहनरावांनी तो निमूट तोंडात टाकला आणि गाडी सुरू केली.