गाडीवाला मुराळी

कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला त्याच दिवशी आमच्या आप्पांनी आष्ट्यात पेढे वाटले. गाडीचा अजून पत्ता नव्हता. पण सुभेदार लालासाहेब, म्हणजे माझे वडील, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून एवढंच शिकले होते की वरून सही झाली की काम झालं.

माझं लग्न नुकतंच झालेलं. सासर आटपाडीचं. नवरा विश्वजीतही फौजेतच, लग्नानंतर वीस दिवसांत जम्मूला हजर झाला. घरात मी आणि माझ्या सासूबाई बनाबाई, आणि घरामागं डाळिंबाची बाग. लग्नानंतरची पहिली नागपंचमी माहेरी करायची असते आणि न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो. पोरीनं आपली आपण पिशवी उचलून चालू पडायचं नसतं. मला भाऊ नाही, त्यामुळं मुराळी आप्पाच. आणि आप्पांनी लग्नाच्या मांडवातच सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलेलं, "राजनंदिनीला पंचमीला न्यायला नव्या गाडीतनंच येणार!"

गाडी पंचेचाळीस दिवसांत मिळणार होती. पंचेचाळिसाचे साठ झाले, साठाचे पंच्याहत्तर. मी रोज फोन करायचे आणि आप्पांकडं रोज नवं कारण असायचं. "वाटंत हाय." "कंपनीतनंच सुटली न्हाई." "कुठला तर पार्ट यीना झालाय." हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला गेला. बँकेचा कुठलाच पार्ट अडकला नव्हता.

"आप्पा, एष्टीनं या की," मी म्हणायचे.

"एष्टीनं? मांडवात बोललोय मी. लोक काय म्हनतील?"

"पंचमी लोकांची हाय का माझी?"

की फोन बंद. फौजेत हा गुण शिकवतात का कुणास ठाऊक.

पंचमी चार दिवसांवर आली. माझी बॅग आठवडाभर दाराशी भरून ठेवलेली. शेजारच्या रेश्माचं लग्न माझ्याच आठवड्यातलं. तिचा भाऊ आला, चहा प्याला आणि तिला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊनही गेला. मी दारातून हसून हात केला आणि आत येऊन रडले. खोटं कशाला सांगू? गाडी गेली खड्ड्यात, मला माझ्या घरी जायचं होतं.

सासूबाईंनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चार भाकरी बांधून समोर उभ्या.

"ऊठ. सांगलीला जायचं."

"कशाला?"

"तुझं वडील गाडीसाठी थांबल्यात नव्हं? मग गाडी कुठं अडकलीया ती आपुनच बघून यू. बॅग घे. लागली तर आसावी."

सासूबाई आयुष्यात कधी चारचाकीत पुढच्या सीटवर बसल्या नव्हत्या, पण शोरूममध्ये अशा शिरल्या जणू तीन गाड्या आधीच घेऊन झाल्यात. पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर मांडी घातली, फडकं सोडलं, भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. काउंटरवरची मुलगी धावत आली. तिच्या कोटावर अंकिता असं नाव होतं.

"आजी, इथं जेवायला..."

"आमी गाडी बघितल्याबिगर उठनार न्हाई. तवर उपाशी बसू व्हय? तू बी घे चतकूर."

अंकितानं आजूबाजूला बघितलं आणि चटणी लावून चतकोर घेतली. मग मी दिलेलं बुकिंग तिनं कॉम्प्युटरवर शोधलं. शोधता शोधता तिचा घास तोंडातच थांबला.

"मॅडम, तुमची गाडी तर मागच्या महिन्यातच आली होती."

"मग दिली का नाही?"

"तुमच्या वडिलांनीच नको म्हटलं. आखाड आहे म्हणाले."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आखाडात आमच्याकडं नवी वस्तू दारात आणत नाहीत. आप्पांनी फोनवर हुकूम सोडला होता, "श्रावण लागला की नेतो, तवर ठेवा." गाडी म्हणजे काय कोठारातली रायफल आहे, सुभेदारसाहेबांसाठी बाजूला ठेवायला? शोरूमनं ती आखाडबिखाड न मानणाऱ्या मिरजेच्या एका डॉक्टरला देऊन टाकली. पण गाडी आली तेव्हाच बँकेनं पैसे सोडलेले. म्हणजे पैसे शोरूमकडं, गाडी डॉक्टरकडं आणि हप्ता आप्पांच्या पेन्शनमधून. आणि मला रोज ऐकायला काय, तर पार्ट यीना झालाय!

अंकितानं मॅनेजरांना बोलावलं. ते येताच सासूबाई भाकरी खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"आखाडात नको म्हनलं, ह्यो आमच्या इवायाचा येडेपना. पर पैसं ठिवून घेतलं आन न इचारता गाडी दुसऱ्याला दिली, ह्यो कुनाचा?"

मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "आमचा." माणूस तसा सरळ होता. मी म्हटलं, तोंडी नको, लिहून द्या. पुढची येणारी पांढरी गाडी आमचीच, तारीख अमुक, आणि तोपर्यंतच्या कर्जाचं व्याज शोरूम भरणार. अंकितानंच ते टाईप केलं आणि शिक्का दोनदा मारला. दुसरा बहुतेक चटणीसाठी असावा.

मग मी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मी शोरूममध्ये आहे."

"कुठल्या?"

"जिथं तुम्ही आखाडात गाडी नको म्हटलात, त्या."

तासाभरात आप्पा आले, एष्टीनंच. इस्त्रीचा शर्ट, मिशीला तेल, पण नजर फरशीवर. मी भांडायच्या तयारीतच होते.

"मला खरं का सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं, ठिवतील. फौजंत ठिवा म्हनलं की ठिवत्यात." मग आवाज खाली गेला. "तुझ्या आत्याला आनायला मी एकदा बी गेलो न्हाई गं. दर पंचमीला मी बॉर्डरवर. ती बिचारी कुनाच्या तर दुधाच्या टेम्पोत बसून यायची. म्हनलं, एकुलती एक पोरगी हाय, एकदा तर झोकात आनावी. आन माझ्याच हातानं घाण झाली. कुठल्या तोंडानं सांगू?"

झालं, माझं सगळं भांडण तिथंच राहिलं. राग होताच, पण त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. मी त्यांच्या हातात पाणी दिलं.

पाणी पिऊन आप्पांना जरा धीर आला. "चल मग, हितनं तासाभरात आष्टा. विहीनबाई, नेतो पोरीला." त्यांनी माझी बॅग उचलली.

सासूबाईंनी बॅगेवर हात ठेवला. "सुभेदार, रस्त्यात पोरगी द्यायची आमच्यात रीत न्हाई. मुराळी दारात येतो, पाय धुतो, जेवतो, मुक्काम करतो. मग न्यायाची."

"आवं, आटपाडी नव्वद किलोमीटर हाय!"

"व्हय. आमाला येताना बी तेवढंच हुतं."

अठ्ठावीस वर्षांत कुणी आप्पांना इतक्या झटक्यात सरळ केलं नसेल. तिघंही एष्टीत बसलो. आम्हा दोघींना अर्धं तिकीट, आप्पांना पूर्ण. सासूबाई म्हणाल्या, "येवढ्या लांब येऊन पुरुषमानूस म्हागातच पडला."

संध्याकाळी आटपाडीत सासूबाईंनी दारातच आप्पांच्या पायांवर पाणी घातलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "या सुभेदार! पोरीला न्यायला आलासा नव्हं?" समोरच्या ओट्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. तेव्हा मला कळलं की एवढा उलटा प्रवास कशासाठी होता. रेश्माचा मुराळी सगळ्या गल्लीनं पाहिला होता, माझाही दिसायला हवा होता. त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही. "पुरं, पुरं, पुरन वाटायचं हाय," म्हणून त्यांनी मला उठवलं.

दुसऱ्या दिवशी ओटी भरून आम्ही निघालो. पंचमीची गर्दी, विट्यापर्यंत बसायला जागा नाही. बॅग वर टाका म्हटलं तर आप्पा ऐकेनात, हातातच धरून उभे. गचका बसला की आधी बॅग सावरायचे आणि मग स्वतःला.

आष्ट्याच्या स्टँडवर उतरलो तर चहाच्या टपरीवर त्यांचे सगळे दोस्त हजर. पेढे खाल्लेली मंडळी, सोडतात होय!

"काय सुभेदार, गाडी कुठाय?"

मला वाटलं, आता आप्पांची मान खाली जाणार. पण आप्पांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली, छाती पुढं काढली आणि म्हणाले, "गाडी यील तवा यील. म्या मुराळी गेलतो. ल्येकीला आनलीया."

आणि मागच्या गल्लीनं घर जवळ पडत असताना मला भर पेठेतून चालवत घरी नेलं.