अंगणातला आड

“दलालभाऊ, पाणी गोड हाय हो!” आसराबाईनं तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं, आणि कचरू दलालानं मान खाली घातली.

परतूर स्टेशनामागच्या त्या घराचं अंगण तिला फार आवडलं होतं. अंगणात आड. बाई जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली. पाण्यापायी तिनं किती रान तुडवलं असेल, देव जाणे. आता लेक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला, तशी तिनं मेंढरं विकली आणि एकच हट्ट धरला, दारात पाणी असलेलं घर पाहिजे.

“तुमी आमच्याकडूनच हाव ना?” येताना वाटेत तिनं विचारलं होतं.

“हाव की,” कचरू म्हणाला होता. सकाळी घरमालक राधाकिसनलाही त्यानं हेच सांगितलं होतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. दलाल मात्र दोन्ही घरी जेवतो. निजामाच्या अमलात रेल्वे आली, गाव वाढलं, आणि त्या वाढीवर कचरूचं पोट चाललं. पण आता गुडघे दुखत होते, आणि तेच ते गोड बोलून जीभसुद्धा थकली होती.

आडाचं पाणी खारं होतं. त्यात डाळ शिजत नसे. तांब्यातलं पाणी राधाकिसनच्या बायकोनं, जयवंताबाईनं, गावाबाहेरच्या विहिरीवरून आणलं होतं. हे कचरूला पक्कं ठाऊक होतं.

“मंग बयाना देऊ का?” आसराबाईनं कमरेची पिशवी काढली. “तुमीच सांगा. मेंढराचं तोंड पाहून मी सांगीन कोणतं दुखणाईत हाय ते. घराला कुठं तोंड ऱ्हातं?”

राधाकिसननं कचरूला खुणावलं, बोल म्हणून.

‘देऊन टाका, बाई,’ हे नेहमीचं वाक्य ओठावर आलं होतं, पण काही केल्या बाहेर पडेना.

“बाई,” कचरू म्हणाला, “आडात बादली सोडा. आपल्या हातानं शेंदून प्या, मंग बोला.”

आसराबाईनं शेंदलं, एक घोट तोंडात घेतला आणि थुंकला. तिनं पिशवी पुन्हा कमरेला खोचली.

राधाकिसन अंगावर धावून येईल अशी कचरूनं मनाची तयारी ठेवली होती. तो आला नाही. जागचा हललासुद्धा नाही.

“कचरूभाऊ, माझ्या लग्नाच्या साली हे घर तुमीच मला घेऊन दिल्तं. असंच बाहेरचं पाणी पाजून. मी बी इचारल्तं, आमच्याकडून हाव ना म्हणून. तव्हा कुठं गेल्ती ही जबान?”

कचरूला स्वतःची लाज वाटली, आणि तीही फार उशिरा.

“चला, दुसरं घर दाखवा,” आसराबाई दारातून म्हणाली. “आता तुमच्यावर बराबर भरवसा बसला बघा.”

ते बोल त्याला राधाकिसनच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले. तो आसराबाईला घेऊन निघाला, तर मागून जयवंताबाई आली. भरून आणलेलं पाणी पाहुण्यांतच संपलं होतं. तिच्या कमरेवर रिकामी घागर होती.

“सरका, दलालभाऊ. ऊन चढायच्या आत एक खेप व्हायची हाय.”

कचरू भिंतीला लागून उभा राहिला, तिला पुढं जाऊ दिलं. तिथून पुढं जायची वाट एकच होती. तो तिच्या मागं मागं चालत राहिला. तिला मागं टाकून पुढं जायचं त्याचं धाडस झालं नाही.