तिसरं माणूस

स्क्रू इतका बारीक होता की बोटाला लागतच नव्हता, फक्त दिसत होता... बोटाच्या टोकाला चिकटलेला, एखाद्या किड्याच्या डोळ्याएवढा. आणि टेबलावर आईच्या चष्म्याची दांडी वेगळी, काचा वेगळ्या. आईची ही लेक चष्म्याच्या दुकानात दिवसभर हेच करायची, लोकांचे नंबर काढायचे, ढिल्या दांड्या आवळून द्यायच्या, पण तिथं हात कधी असा रेंगाळला नव्हता. इथं समोर आई बसली होती – चष्म्याशिवायची, म्हणून जरा अनोळखी, नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर खड्डे पडलेली – आणि गॅलरीत बाबांची करवत चालली होती, बारीक पात्याची, दातदुखीसारखी थांबत थांबत.

"त्यांना सांग," आई म्हणाली, "भुसा आत येतोय. दार ओढून घ्या म्हणावं."

बाबा चार हातांच्या अंतरावर होते आणि मधलं दार सताड उघडं होतं. करवत थांबली, म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं; पण दार काही हललं नाही. निरोप अजून पोचायचा होता.

"बाबा, दार ओढून घेता का जरा?"

"घेतो की." दार सरकलं, आणि शेवटच्या फटीतून त्यांचा आवाज आला, "तुझ्या आईला सांग, आज कार्यक्रमाला उशीर नको. मागं बसलं की काही ऐकू येत नाही."

"आई, लवकर निघू म्हणतायत."

"ऐकलं," आई म्हणाली. तिला म्हणाली, बाबांना नव्हे.

हे असंच होतं, आणि इतकी वर्षं असं होतं की त्यात विचित्र काही आहे हे तिला स्वतःलाच मुद्दाम आठवावं लागे. बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते. ती पाटी-दप्तराच्या वयाची असताना त्यांची बदली झाली आणि ते लांबच्या गावी एकटेच राहिले, परत आले तेव्हा दारात ट्रंक ठेवून बुटाच्या नाड्या सोडत बसले, आणि आई ओले हात पुसत बाहेर येऊन तिला म्हणाली, "विचार त्यांना, चहा घेणार का?" नाडीवरची नजर न उचलता बाबा म्हणाले, "सांग, घेतो." बस, एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. दोघंही पगार घरात आणत राहिली, आई दवाखान्यात औषधं देत राहिली, एकमेकांच्या आजारपणात दोघंही रात्री जागली – पण त्या चहापासून जे बोलणं झालं ते तिच्यामार्फत. मोठेपणी तिनं मावशीला विचारून पाहिलं होतं. मावशी म्हणाली, "अगं, कुणीतरी आधी बोलायचं राहिलं असेल. मग राहिलं ते राहिलंच."

बाबा तिला टपाल म्हणायचे. "काय टपाल, आज पाकीट की कार्ड?" तिलाही ते आवडायचं, त्या वयात. घरातलं एकही वाक्य तिला वगळून पुढं जात नाही याचा एक गर्व असतो. आणि ती वाक्यं तशीच्या तशी कुठं पोचवायची? आई म्हणायची, "कानांत बोळे घातलेत का विचार," आणि ती जाऊन सांगायची, "बाबा, आई हाक मारतेय." बाबा म्हणायचे, "मी काही तिच्या दवाखान्यातला शिपाई नाही म्हणावं," आणि ती सांगायची, "बाबा थोड्या वेळानं करतायत." काटे काढून, साल सोलून, फोडी करून. पुढं कधीतरी दुकानात कुणाच्या डोळ्यासमोर काच धरलेली असताना तिच्या लक्षात आलं होतं, की या दोघांचा जो काही संसार झाला तो निम्मा तरी माझ्या वाक्यांचा झाला. आईला ठाऊक असलेले बाबा मीच बोललेले... आणि बाबांना ठाऊक असलेली आई.

तिचं लग्न झालं, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तेव्हा टपाल फोनवरून सुरू झालं. एकाच सोफ्याच्या दोन टोकांवरून दोघं तिला आळीपाळीनं फोन करत. तिला खरी धास्ती होती ती दोघं निवृत्त झाल्यावरची – दिवसचे दिवस, दोन खोल्या, दोन माणसं. पण झालं उलटंच. दोघांनी ज्येष्ठांच्या मंडळात नाव घातलं आणि घरी सापडेनाशी झाली. सकाळी फिरणाऱ्यांचा गट, मग आईचं गाणं, बाबांचं करवतकाम, कुणाची पंचाहत्तरी, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुंड्यांची स्पर्धा. उन्हं तापायला लागली तसा मंडळाचा उत्साहही तापला. "आमच्या म्हाताऱ्यांना वेळ नाही हो," ती दुकानात कौतुकानं सांगायची. "त्यांना भेटायचं तर आधी नंबर लावावा लागतो."

स्क्रू बसला. आईनं चष्मा घातला आणि पुन्हा आई झाली.

मंडळाच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, तरी सगळे हातातल्या कागदानं वारा घेत होते. एका भिंतीशी छंदांचं प्रदर्शन होतं – कुणाची जलरंगांतली तळी, कुणाच्या विणलेल्या टोप्या, आणि बाबांचे जुने नकाशे, पातळ फळीवर चिकटवून नदीच्या काठाकाठानं कापलेले. तुकडे जुळवले की मुलूख पुरा व्हायचा. आईच्या गटानं दोन गाणी म्हटली. दुसऱ्यात कुणाचा तरी सूर निसटला, तो बाकीच्यांनी सांभाळून घेतला. आणि मग जोडप्यांचा खेळ. माइक होता एका निवृत्त दंतवैद्यांकडे.

"आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलो," ते म्हणाले, "आणि उघडलं की बोलू दिलं नाही. आज भरपाई. प्रत्येक नवऱ्यानं बायकोकडे बघून एक वाक्य बोलायचं, मग बायकोनं उत्तर द्यायचं. भूल मिळणार नाही."

ती मागं, पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. तिथून तिला दुसऱ्या रांगेतली ती दोन डोकी दिसत होती, आणि त्यांच्या मधली खुर्ची, जिच्यावर आईची पिशवी होती. एकेक जोडपं उठत होतं. कुणी "चुकलो" म्हणालं, कुणी "मीठ कमी घाल" म्हणालं, लोक हसत होते. आता जावं, धावतच जावं, त्या पिशवीच्या जागी जाऊन बसावं... चाळिशी उलटलेली बाई, आणि मनानं दप्तर पाठीला लावून धावत सुटलेली.

बाबांच्या हातात माइक आला. तो एकदा किंचाळला आणि गप्प झाला. बाबांनी आईकडे पाहिलं, म्हणजे आईच्या खांद्यापर्यंत पाहिलं, आणि मग मान वळवली.

"डॉक्टर, आमच्या मंडळींना सांगा, दुसऱ्या गाण्यात आवाज छान लागला होता."

हॉल हसला. दंतवैद्य कमरेत वाकून म्हणाले, "मंडळी, ऐकलंत का?"

आईनं माइक ओढून घेतला. "डॉक्टर, ह्यांना सांगा, सूर निसटला तो माझाच. कळलं नसेल. कानातलं मशीन घरी टेबलावर आहे."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला नंबर त्यांचाच, एक वेल लावलेली कुंडी आणि 'आदर्श जोडपं' लिहिलेली पट्टी. शेजारच्या बाई तिचा दंड धरून म्हणाल्या, "या वयातही थट्टामस्करी चालते बघा. आमच्याकडे नुसती भिंत." ती पण हसली. हसता हसताच तिला ते दिसलं, नंबर बदलून काच लागावी आणि पाटीवरची अक्षरं एकदम सुटी व्हावीत तसं. ही दोघं इथं का येतात. फिरायला, गायला, कुणाच्या कुणाच्या वाढदिवसाला, उन्हातान्हात, एक दिवस न चुकता. इथं कायम कुणीतरी तिसरं असतं.

परत येताना बाबा कुंडी कडेवर घेऊन पुढं चालले होते, पोर घेऊन चालावं तसे. डांबर अजून तापलेलं होतं. आई तिच्या बरोबरीनं, जरा दमलेली.

"त्यांना सांग," आई म्हणाली आणि थोडा वेळ नुसतीच चालली. "पुरे झालं आता हे. संध्याकाळी घरी बसू. दोघंच."

"दोघंच?"

"तू आपली जा तुझ्या घरी. तुलाही संसार आहे."

बाबा हाकेच्या अंतरावर होते. जरा मोठ्यानं बोललं असतं तरी... तूच सांग की, हे काय पुढं चाललेत. वाक्य ओठांवर आलं होतं. जन्मभर ते ओठांपर्यंतच आलं होतं. "सांगते," ती म्हणाली. पण बाबा त्या पट्टीवर खूश होते, कुंडी कुठं ठेवायची यावर बोलत होते. आज नको, उद्या दुकानातून फोन करून सांगू, नीट, सावकाश.

सकाळी फोन बाबांचाच आला. ती दुकानाचं शटर वर करत होती.

"तुझी आई बोलत नाहीये," बाबा म्हणाले.

मग त्यात नवीन काय – हे तिच्या मनात खरोखरच आलं. शटर अर्ध्यावर धरून ती क्षणभर वैतागलीसुद्धा, की आता काय बिनसलं यांचं. "बाबा, मी नंतर..." आणि मग पलीकडचा श्वास तिच्या कानात शिरला.

पुढचं सगळं लोकांनी केलं. मंडळ धावून आलं, दंतवैद्यांनी डॉक्टर आणला, कुणी खुर्च्या आणल्या, कुणी चहा. हॉलच्या दाराशी फळ्यावर आईचा फोटो आणि खाली खडूनं, वळणदार अक्षरात, 'मंडळातर्फे अखेरचा निरोप'. ते वाचून ती जागीच थांबली होती. अखेरचा निरोप तर माझ्याकडे आहे.

ती बाबांकडे राहायला आली. बाबा रडले नाहीत. रीतसर जायला लागले – फिरायला, वाढदिवसांना, आईच्या गटाचं गाणं ऐकायलासुद्धा, मशीन कानात घालून, पुढच्या रांगेत. लोक म्हणाले, स्वतःला गुंतवून घेतलंय, चांगलं आहे. घरी ते कुंडीला पाणी घालत आणि करवत चालवत. आणि ती घरभर ते वाक्य तोंडात धरून वावरायची, गरम घास धरावा तसं. गिळता येत नाही, टाकता येत नाही. सांगितलं तर काय होईल? आता घरी कुणाबरोबर बसणार तो माणूस? नाही सांगितलं तर त्याला कधी कळणारच नाही की त्याच्याबरोबर बसावंसं कुणाला वाटलं होतं. ती ते मऊ करायला बघायची, सवयीनं, काटे शोधायची. पण त्यात काटे नव्हतेच. जन्मात पहिल्यांदा असा निरोप हातात आला होता की ज्याला हात लावायची गरज नव्हती, आणि तोच तिला पोचवता येत नव्हता.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. बाबा गॅलरीत नवा नकाशा कापत होते, ती मधल्या दारात उभी राहून वाळलेले कपडे घड्या घालत होती. मंडळात जायची वेळ होत आली होती. बाबांनी फळी उचलून पाहिली, इकडं तिकडं चाचपलं, आणि मान वर न करता म्हणाले,

"तुझ्या आईला विचार, डिंक कुठं ठेवलाय."

ती वळली. खरंच वळली, स्वयंपाकघराकडे, मानेला आपलं आपणच ठाऊक होतं. विचारायला श्वाससुद्धा घेतला. मग तो श्वास तसाच राहिला. आत ओट्यावर उन्हाचा एक चौकोन होता.

मागं करवत थांबली होती. बाबांना कळलं होतं. तिनं पाठीमागूनही ओळखलं की त्यांना कळलंय आणि ते वाट बघतायत, ती आता "बघते हं, बाबा" म्हणेल, कपाटातून डिंक काढून देईल, हेही मऊ करेल, याची. "बघते" तयारच होतं.

ती परत वळली. हातातला शर्ट बाबांचाच होता.

"आई म्हणाली होती," ती म्हणाली, "आदल्या दिवशी, येताना. 'पुरे झालं आता हे. संध्याकाळी घरी बसू. दोघंच.'"

तिनं त्यात एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. आवाज मात्र आईचा आला, थोडा दमलेला, आणि त्याची तिला भीती वाटली.

बाबा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. त्याची कड त्यांनी अंगठ्यानं घासली, उलटा केला, पुन्हा घासली. हनुवटी हलायला लागली तशी त्यांनी ती हातानं धरली. खाली रस्त्यावरून मंडळातल्या कुणीतरी त्यांना हाक मारली, "येताय ना?" दुसरी हाक आली आणि मग पावलं पुढं गेली.

"तिला सांग..." बाबा म्हणाले.

त्यांनी तुकडा खाली ठेवला.

"तिला सांग, की मी पण..."

ते आता तिच्याकडे बघत होते, सरळ, ती दप्तर घेऊन दारात उभी असल्यासारखे; तिच्यापलीकडे ते रिकामं स्वयंपाकघर होतं आणि मधे ती. तिला वाटलं होतं, तो निरोप एकदा सांगितला की आपल्याला हलकं वाटेल. तसं काही वाटत नव्हतं. छातीत काहीतरी जड होतं ते तसंच होतं, फक्त आता ते तिचं स्वतःचं होतं, कुणाकडून आणलेलं किंवा कुणाला द्यायचं नव्हतं. ती दारातून बाजूला सरकली.

"नाही, बाबा. तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मला कधीच मधे उभं राहायचं नव्हतं."