लव्हॉनचे मखमली भोपळे

"ह्याचं पोट एका बाजूला गेलंय," लव्हॉन म्हणाली.

"भोपळा आहे तो, लव्हॉन. भोपळ्याचं पोट कुठेही जातं."

"शेतातल्या भोपळ्याचं जातं. हा जत्रेत मांडायचाय."

आर्डिसने सुई टेबलावर ठेवली आणि मनात दहापर्यंत मोजायला सुरुवात केली. सातव्या आकड्याला लव्हॉन पुढे म्हणाली, "राहू दे. ठेव तो तिकडे. मी नंतर उसवून नीट करते."

हे असं ऑगस्टपासून दर मंगळवारी चाललं होतं. नॉर्डबी हे मिनेसोटातलं एवढंसं गाव. तिथल्या ल्युथरन चर्चची जत्रा ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी भरते, आणि तिथे लव्हॉनच्या मखमली भोपळ्यांचं टेबल बावीस वर्षं दाराशेजारच्या मोक्याच्या जागी लागतं. शेजारपाजारच्या गावांतल्या बायका आधी त्या टेबलाशी जातात, मग सूप प्यायला. यंदा लव्हॉनने आपल्या भावजयीला, म्हणजे आर्डिसला, फोन केला होता. "मदत करशील का" वगैरे काही नाही. "मंगळवारी दहाला ये. चष्मा आण."

आर्डिसला वाटलं होतं, दोघी मिळून शिवू. पण लव्हॉन समोरच्या खुर्चीत बसायची, हात एप्रनखाली, आणि फक्त बोलायची. मखमलीचा गोल काप. कडेने धावदोरा घाल. टाके लांब झाले. आता ओढ. एवढा नको ओढूस, तुटेल. तळाशी मूठभर वाटाणे टाक, वजनाला. आता कापूस. अजून. आर्डिस, उशी भरत नाहीयेस तू! मग लांब सुईने जाड दोरा मधोमध आरपार काढायचा, बाहेरून वळसा देऊन परत तळातून वर, असे आठ वळसे आवळले की आठ फाका पडतात. वर खऱ्या भोपळ्याचा वाळलेला देठ ग्लू गनने चिकटवायचा.

"दोरा उलटा फिरवतेयस," लव्हॉनने पहिल्याच मंगळवारी सांगितलं होतं.

"मी डावरी आहे. तुझ्या भावाशी लग्न झालं तेव्हापासून डावरीच आहे."

"म्हणूनच म्हणते, आता तरी सुधार."

देठ गोळा करायलाही आर्डिसच शेतात गेली. गुडघा दुखत असताना वाकून वाकून साठ देठ आणले. लव्हॉनने वीस बाजूला काढले. "हे मेलेले दिसतात."

"सगळेच मेलेत गं!"

घरी आल्यावर आर्डिस नवऱ्यावर सगळा राग काढायची. गेलेन, म्हणजे लव्हॉनचा धाकटा भाऊ, शांतपणे हॉटडिश, म्हणजे ओव्हनमधली बटाटे-खिम्याची भाजी, खात असायचा.

"मी शिवलेले सगळे उसवते ती! पुढच्या मंगळवारी गेले की एकही तिथे दिसत नाही. मग कशाला बोलावते मला? शोभेला?"

"तिची सवयच आहे तशी बोलायची."

"सत्तर वर्षांत कोणी मोडली नाही ती?"

"तू बघ प्रयत्न करून," गेलेन ताट उचलत म्हणाला. "मी गॅरेजमध्ये आहे."

आर्डिसने दोनदा ठरवलं, आता जायचं नाही. दोन्ही वेळा मंगळवारी साडेनऊला ती गाडीच्या किल्ल्या शोधत होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक हार मानली असं लव्हॉनला वाटायला नको, म्हणून.

जत्रेच्या दिवशी आर्डिस खजुराच्या वड्यांचा ट्रे घेऊन चर्चच्या तळघरात उतरली. दाराशी टेबल सजलं होतं. चाळीस भोपळे, केशरी, तपकिरी, मोरपिशी. पुढे पाटी: 'लव्हॉनचे भोपळे'. पास्टर सॉल्व्हाइग एक भोपळा तळहातावर धरून म्हणत होत्या, "लव्हॉन, दर वर्षी वाटतं याहून सुंदर होणार नाहीत, आणि दर वर्षी होतात. काय हात आहे तुमचा!"

लव्हॉन हसली. हात एप्रनखालीच.

आर्डिसने ट्रे ठेवला आणि एक भोपळा उलटा केला. तळाचे दोरे उलट्या दिशेने फिरले होते. तिने दुसरा उलटा केला. तिसरा. एका बाईने विचारलं, "काही शोधताय का?" आर्डिसने चौथा उचलला. अकरावा उलटा केला तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. सगळे तिचे होते. एकही उसवलेला नव्हता. ते एका बाजूला पोट गेलेलं ध्यानही पहिल्या रांगेत ऐटीत बसलं होतं.

तिथल्या तिथे, सगळ्या गावासमोर बोलावं असं तिला फार वाटलं. पण पास्टर अजून तिथेच होत्या. लव्हॉन स्वयंपाकघरात गेली तशी आर्डिस मागोमाग गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"एकही उसवला नाहीस तू."

लव्हॉन पाठमोरीच होती. "नाही."

"मग हे दोन महिने मला काय ऐकवत होतीस? पोट वाकडं, टाके लांब, देठ मेलेले! आणि बाहेर तुझ्या नावाची पाटी! लाज नाही वाटत?"

लव्हॉन वळली. तिने एप्रनखालून दोन्ही हात काढले आणि ओट्यावर ठेवले. ते ओट्यावर थडथडत होते, एखादं मशीन चालू असावं तसे. शेजारचे चमचे किणकिणले.

"मार्चपासून," ती म्हणाली. "सुईत दोरा जात नाही. आधी वाटलं थंडीने होतंय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेच नाही."

"का?"

"डॉक्टर त्याला नाव देईल म्हणून. बाबांचं आठवतं ना तुला?"

आर्डिसला आठवत होतं. सासरे शेवटची चार वर्षं चमचा धरू शकत नव्हते. ती आणि लव्हॉन आळीपाळीने भरवायच्या, आणि तेव्हाही लव्हॉन सांगायची, घास मोठा होतोय.

राग गेला नव्हता. तो आता कुठे काढायचा हेच कळेना, आणि त्याने ती जास्तच चिडली. "मला सरळ सांगायचंस ना! शिवून दे म्हणायचंस!"

"दिले असतेस?"

"दिले नसते तर काय!"

"आणि गावभर सांगितलं असतंस."

आर्डिसने मनात हिशेब केला. गावभर नसतं सांगितलं. गेलेनला सांगितलं असतं. गेलेनने हार्डवेअरच्या दुकानात सांगितलं असतं. म्हणजे गावभरच.

"पाटी बदल," शेवटी ती म्हणाली. "दोघींची नावं लिही."

"मला लिहिता येत नाही गं आता."

म्हणून आर्डिसनेच पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहिलं. लव्हॉन खांद्यावरून बघत होती.

"माझं नाव आधी घे."

आर्डिसने आधी घेतलं. दुपारी दोनपर्यंत टेबल रिकामं झालं. कोणी पाटीबद्दल विचारलं तर लव्हॉन सांगत होती, "हिला मी शिकवलं." तेही खरंच होतं.

पुढच्या गुरुवारी आर्डिसने तिला डुलुथ शहरातल्या दवाखान्यात नेलं. दोन तासांच्या रस्त्यात लव्हॉनने तिला तीन वेळा वेग कमी करायला आणि एकदा वाढवायला सांगितलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले, बोटं नाकाला लावून घेतली. वडिलांचं दुखणं नव्हतं. कंप होता, दुसऱ्या जातीचा. गोळ्यांनी कमी होईल, सगळा जाईल असं नाही. सुई धरता येईल का, हे त्यांना सांगता येईना.

परतताना लव्हॉन म्हणाली, "तिने माझे गोल नीट बघितलेच नाहीत. पहिला चांगला आला होता."

आर्डिसने रस्त्याकडेच्या खानावळीपाशी गाडी थांबवली. लव्हॉन हात धुवायला गेली तेवढ्यात तिने वाढणाऱ्या मुलीला हळूच सांगितलं, तिच्या कपात अर्धीच कॉफी ओत.

लव्हॉन येऊन बसली आणि कपात डोकावली. "हे काय, अर्धाच?"

"इथे तेवढाच देतात."

"तुझा भरलेला आहे."

"माझ्याकडे बघून दिला असेल."

"चोर आहेत मेले," लव्हॉन म्हणाली. तिने दोन्ही हातांनी कप उचलला, आणि कॉफी न सांडता तोंडापर्यंत गेली. "आणि थंड पण आहे. इथे पुन्हा आणू नकोस मला."

"नाही आणत," आर्डिस म्हणाली, आणि मुलीला खूण केली की अजून अर्धा दे.