शिडी, धरणाऱ्यासह

"पैसे घ्या, पण ही बया माझ्या घरातून घालवा!"

दातांचे डॉक्टर खांद्यावर ॲल्युमिनियमची घडीची शिडी घेऊन आमच्या गाळ्यात घुसले, ते दाराची चौकट खरवडतच. तोंडावर रुमाल होता. रुमाल काढला तेव्हा कळलं, पुढच्या दाताच्या जागी खिडकी झाली होती आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्या खिडकीतून बारीक शीळ येत होती.

"पॅसेजमध्ये उभी केली होती. अंधारात पाणी प्यायला उठलो आणि हिने मुका घेतला! दातांचा डॉक्टर मी. सकाळपासून प्रत्येक पेशंट विचारतोय, डॉक्टर, कुणाकडे काढलात?"

आमच्या हिने हसू गिळलं. "डॉक्टर, ही तुम्ही समोरच्या शेठकडून घेतलीत. आमच्या लाकडी असायच्या. असायच्या," म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

ते पाहणं समजायचं तर थोडं मागं जावं लागेल. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकावं, असं आमची ही येईल त्याला सांगते. तसं करा. उरलेलं निम्मंही पचायला जड जाईल.

शिड्या भाड्याने द्यायचा धंदा माझ्या सासऱ्यांचा. लोकांनी घरजावई म्हणून हिणवलं, पण मी शिडीसारखा भिंतीला टेकून राहिलो. सासरे स्वतः वर चढून पाट्या रंगवायचे आणि खाली शिडी धरायला आमची ही. तेव्हा ती जेमतेम तिसऱ्या पायरीएवढी. "वर बघायचं नाही पोरी, डोळ्यांत माती पडते," ते सांगायचे. "कान लाव दांड्याला. चढणाऱ्याचे पाय लाकडात ऐकू येतात. थरथरले की घट्ट धर." ती कान लावून उभी राहायची. सासरे गेले, त्यांची उंच सागवानी शिडी भिंतीवर राहिली.

मग समोर शेठने दुकान काढलं. आत इतके आरसे आणि इतकं ॲल्युमिनियम, की गिऱ्हाईक शिरलं की चारही बाजूंनी स्वतःलाच खरेदी करताना दिसायचं. सगळे त्याला चकचकीत शेठ म्हणू लागले. आमच्या चार वेळच्या भाड्यात त्याची एक शिडी कायमची घरी! सहा महिन्यांत गावात माणशी एक शिडी झाली. रांगत्या बाळाच्या नावानेही एकाने घेऊन ठेवली.

मी डावपेच लढवले. भाडं निम्मं केलं. त्याने एवढंच झालं, की जे दोघे येत होते ते निम्म्या पैशांत येऊ लागले. मग ही बहिणीकडे गेली असताना मी सगळ्या लाकडी शिड्या सुताराला विकून टाकल्या. परत आली तेव्हा गाळ्यात एकच उरली होती, सासऱ्यांची. तीही सुताराला उचलवली नाही म्हणून. ही एक अक्षर बोलली नाही. हिचं न बोलणं म्हणजे कुकरची शिट्टी अडकल्यासारखं, आपण लांब उभं राहायचं.

त्याच आठवड्यात शेठ आला. गाळाभर नजर फिरवून म्हणाला, "वहिनी, रिकामा गाळा काय करता? मला विका. माझ्या शिड्यांना गोदाम पाहिजेच आहे. महिनाअखेरीला कागद घेऊन येतो."

"या," ही म्हणाली. गाळा तिच्या वडिलांनी पाट्या रंगवून रंगवून घेतलेला. त्या दिवशी तिने आमटीत मीठ दोनदा घातलं, आणि मी आमटी दोनदा वाढून घेतली.

असा तो महिना चालला असताना डॉक्टर आले.

"डॉक्टर, चढता किती वेळा तुम्ही शिडीवर?" हिने विचारलं.

"बल्ब गेला तर. आणि पंखा पुसायला. वर्षातून दोनदा म्हणा."

"म्हणजे वर्षाचे दोन दिवस कामाला, आणि बाकी वर्ष वाटेत."

"वाटेत नाही, दातात!"

"मग ठेवा इथे. हवी तेव्हा न्या. ठेवायचं भाडं द्या महिन्याला. नाहीतर असं करू, तुम्हाला नको असेल तेव्हा आम्ही ती दुसऱ्याला भाड्याने देऊ. मग तुमचं भाडं माफ."

डॉक्टरांनी शीळ घातली. या वेळी मुद्दाम.

ते गेल्यावर मी म्हणालो, "अगं, वैऱ्याची शिडी आपल्या घरात?"

"वैऱ्याची कुठली? त्याने विकली, पैसे घेतले, संपला त्याचा संबंध. आता ती डॉक्टरांची. अहो, शिड्या सगळ्यांकडे झाल्या. आपल्याकडे काय आहे?"

"काय असणार! रिकामा गाळा!"

"तोच तर गावात कुणाकडे नाही. तुम्हीच केलात ना रिकामा? बरं केलंत."

माझ्या चुकीला संसारात मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्रक. शिडी न लावताच मी दोन पायऱ्या वर गेलो.

डॉक्टरांच्या खुर्चीत जो तोंड उघडून बसेल, त्याला बिचाऱ्याला उत्तर देता येत नाही, नुसतं ऐकावं लागतं. असा प्रचार कुठल्या जाहिरातीने होणार? चार दिवसांत रांग लागली. कुणाची शिडी पलंगाखाली राहायची, त्यामुळे पलंग इतका उंच झाला होता की झोपायला चढायला दुसरी शिडी लागायची. एका शिक्षकाची एका खोलीत मावेना, निम्मी खिडकीबाहेर. वरच्या मजल्यावरची काकू तिच्यावर कपडे वाळत घालायची आणि शिक्षकांनी शिडी आत ओढली की खालून शिव्या घालायची, म्हणजे वरून. सगळ्या शिड्या आमच्याकडे आल्या. बुटक्या, उंच, चाकांच्या, दुहेरी. सासऱ्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या इतक्या जाती, आणि आमची दमडी गुंतलेली नाही! रंगारी, पाटीवाले, टाक्या साफ करणारे, सगळे आमच्याकडे वळले, कारण हवी ती उंची एकाच दारी मिळायची.

महिनाअखेरीला शेठ कागद घेऊन आला. दारात त्याला थांबावं लागलं, आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"वहिनी, हे सगळं... माझंच आहे की!"

"तुम्हाला गोदाम हवं होतं ना तुमच्या शिड्यांना? झालं बघा. भाडं तेवढं आमच्याकडे येतं."

कागदाची पुंगळी करून शेठ गेला. त्याने भाव उतरवले. त्याच्याकडून शिडी घेऊन लोक परस्पर आमच्याकडे टाकून घरी जाऊ लागले. तो जितकं विकायचा, तितके आम्ही वाढायचो. शेवटी लोक म्हणाले, मिळते आहे तर घ्यायची कशाला? त्याची विक्री बसली. आम्ही शेजारचा गाळा घेतला.

पण शेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानेही शिड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. घरपोच, आमच्याहून स्वस्त, वर टोपी घातलेला माणूस सलाम करणार. मी घाबरलो. "आता आपणही भाव पाडू या!"

"तुमचं भाव पाडणं पाहिलंय मी," ही म्हणाली. "टोपीवाला शिडी देऊन काय करतो?"

"सलाम करतो आणि जातो."

"मग धरतं कोण?"

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर पाटी लागली: 'शिडी, धरणाऱ्यासह.' भाडं आमचं जास्तच राहिलं. आणि धरणारा कोण, तर मी! आयुष्यभर मी लोकांना पकडून गोष्टी सांगत आलो, पण पळून न जाऊ शकणारा श्रोता प्रथमच मिळत होता. माणूस वर, मी खाली, गोष्ट मध्ये. ती संपेपर्यंत कुणी उतरायचं नाही. बल्ब बदलायला चढलेला माणूस पंखा पुसायचा, जळमटं काढायचा, आणि माझी गोष्ट रंगली तर छताला रंगही देऊन टाकायचा. बायका मुद्दाम मला बोलवू लागल्या, "आमच्या ह्यांना चढवते, तुम्ही लांबण लावा." मागणी इतकी वाढली की हिने आणखी धरणारे नेमले. निवृत्त कंडक्टर, माजी गोलकीपर, सगळी धरून ठेवायची सवय असलेली माणसं.

मग शेठच्या मोठ्या सवलतीचा दिवस उजाडला. दुकानापुढे ही गर्दी, आणि ऐन वेळी दारावरच्या झगमगत्या पाटीतलं पहिलं अक्षर निसटून एका तारेवर लोंबायला लागलं. पुरुषभर उंचीचं अक्षर! खालून आत जायची कुणाची छाती होईना. वायरमनने बटण बंद केलं, तरी अक्षर चमकत राहिलं.

"तार कुठून जिवंत आहे, कळत नाही," तो म्हणाला. "ॲल्युमिनियमवर मी चढणार नाही. विजेच्या कामाला लाकडी आणा."

शेठ ओरडला, "आणा लाकडी!" पण आणणार कुठून? लाकडी शिड्या त्यानेच तर गावातून उठवल्या होत्या. (उरलेल्या मी. ते असो.)

शेठ स्वतः रस्ता ओलांडून आला. उन्हात घामाने खरंच चकचकत होता. हात जोडणार, तोच ही म्हणाली, "भाडं पाटीवर लिहिलंय तेवढंच आहे, शेठ. चला."

ती भिंतीकडे गेली. सासऱ्यांची शिडी उतरवायला आम्ही चौघे लागलो. धरायला मी पुढे झालो, तर मला बाजूला सारून म्हणाली, "ही मी धरते." मग शेठकडे वळून, "जड आहे. दुसरा पाय तुम्ही धरा."

सगळी गर्दी बघत होती. दुकानाचा मालक आपल्याच दारात वाकून शिडी धरून उभा, आणि पलीकडचा पाय धरून आमची ही. वायरमन चढला. हिने वर पाहिलं नाही. डोळे मिटले आणि कान दांड्याला लावला. मध्येच म्हणाली, "शेठ, घट्ट. पाय थरथरतोय त्याचा." वरून आवाज आला, "आईशप्पथ, कसं कळलं?"

अक्षर जागेवर बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दुकानात घुसले. वायरमन उतरला, हत्यारं गोळा करून गेलासुद्धा.

हिचा कान दांड्यालाच होता. डोळे मिटलेले. दोन्ही हात त्या जागी, जिथे लाकूड झिजून गुळगुळीत झालं आहे. शिडी रिकामी होती.

मला एरवी कुठेही गोष्ट सुचते. तेव्हा सुचली नाही.

शेठ अजून दुसरा पाय धरून वाकलेला. त्याने माझ्याकडे बघून नुसत्या भुवयांनी विचारलं, सोडू?

मी मान हलवली. धरा.

त्याने धरली.