एका टेबलावर एकच बाटली

एक कण. काळसर-करडा, जिऱ्याच्या निम्मादेखील नाही, दोन्ही टोकांना सरळ कापलेला... डेल्मरने बोट ओलं करून तो टेबलावरच्या हिरव्या कापडावरून उचलला, दिव्याखाली धरला, आणि मग त्याची नजर कणावरून सरकून दिव्यामागे गेली — तिथे बाटली उभी होती. बारुदाची, पांढऱ्या झाकणाची. ती तिथे असायला नको होती. या तळघरात बेचाळीस वर्षं बारुदाच्या बाटल्यांची जागा कपाटातल्या वरच्या फळीवर होती, आणि गुरुवारनंतर जिना उतरून कोणीही खाली आलेलं नव्हतं.

पांढऱ्या झाकणाचं बारूद भसकन जळणारं. कुरणातल्या खारी मारायच्या छोट्या रायफलसाठी ते ठीक. निळ्या झाकणाचं संथ, दमादमाने जळणारं, त्याच्या लेकीच्या, टेसच्या मोठ्या रायफलसाठी. कण शेजारी ठेवले तर बनवणाराही ओळखणार नाही इतके सारखे. गुरुवारी सकाळी त्याने आधी खारींची काडतुसं भरली, मग टेसची वीस. मधे मापाच्या भांड्यात उरलेलं पांढरं बारूद पांढऱ्या बाटलीत परत ओतायचं, झाकण लावायचं, बाटली फळीवर ठेवायची, आणि मगच निळी काढायची... मग ही इथे कशी? आणि ही इथे होती, तर उरलेलं ओतलं कशात?

मधे फोन आला होता. बायकोचा, लॉर्नाचा, दुकानातून — दूध आहे का बघ. तो वर गेला, फ्रीज उघडला, दूध होतं, अर्धा गॅलन. इथवर सगळं स्वच्छ आठवतं, अगदी बाटलीवरचं गाईचं चित्रसुद्धा. परत जिना उतरल्याचं आठवत नाही.

त्याने निळी बाटली काढून उजेडात धरली. पातळी बघून काय कळणार, कप्पाळ! गुरुवारी ती किती होती ते ठाऊक असतं तर प्रश्नच नव्हता. शेजारी टेसच्या काडतुसांचा डबा, वर त्याच्याच अक्षरात तारीख. चटकन जळणारं बारूद काडतुसाच्या त्या मोठ्या पुंगळीत थोडं जरी गेलं असेल, तर रायफलच फुटायची... रायफल खांद्याला लावली की काडतूस उडतं ती जागा टेसच्या गालापासून चार बोटांवर असते. पुढचं त्याने मनात येऊ दिलं नाही. मी विसरलेलो नाही, असल्या गोष्टी मी विसरत नाही — असं तो मनात म्हणाला, आणि मनातच त्याचा आवाज नको इतका मोठा झाला.

आणि हे बारूद काय सहज मिळालं होतं? अख्खा उन्हाळा गेला निवडण्यात. पहिलं जुलैच्या उन्हात इतकं नेमकं की तीन गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जात. पण शिकार असते गोठवणाऱ्या थंडीत, म्हणून त्याने ती काडतुसं रात्रभर फ्रीझरमध्ये मटाराशेजारी ठेवली, तर सकाळी गोळी वीतभर खाली लागली. “मटाराच्या पिशवीतून काडतूस निघालं ना, तर मी माहेरी जाईन,” लॉर्ना म्हणाली होती. “जा की. तुझ्या माहेरी आता पेट्रोलपंप झालाय, येताना टाकी भरून आण.” दुसरं बारूद त्या नळीला फारच संथ पडलं, निम्मं जळायच्या आतच गोळी बाहेर. तिसरं हे, निळं... पुंगळीत गळ्यापर्यंत भरायचं, हलवलं तरी आवाज नाही, आणि ऊन असो की बर्फ, गोळी तिथल्या तिथे. आता दुकानदार म्हणतो, वसंतापर्यंत नवीन यायचं नाही. बिग होल खोऱ्यातल्या नर एल्क हरणाच्या परवान्याच्या सोडतीत टेस नऊ वर्षं नाव घालत होती, तिचं नाव यंदा निघालं, आणि शनिवारी हंगाम उघडतोय. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी अवजड गाडी चालवते ती, एक्केचाळीस वर्षांची बाई आहे, पण दुकानातलं काडतूस तिने आजवर हातात धरलेलं नाही. “माझ्या बापाच्या हातचं आहे,” असं सगळ्यांना सांगत फिरते.

...हॉइट. हॉइट का आठवावा आत्ताच? नेमबाजीच्या क्लबात डेल्मर नवख्यांना शिकवायचा, तेव्हा याच जिवलग हॉइटच्या टेबलावर त्याला दोन बाटल्या दिसल्या होत्या. सगळ्यांसमोर त्याने हॉइटला दोन्ही बाटल्या मातीत रित्या करायला लावल्या. “एका टेबलावर एकच बाटली! शंका आली की फेकायचं. डोकं घरी ठेवून आला असशील तर टेबलाला हात लावू नकोस.” हॉइट वर्षभर बोलला नाही. म्हटलं ते बरोबरच होतं... पण म्हणताना किती गोड लागलं होतं, हेही आत्ता आठवलं.

जेवताना लॉर्नाने हरणाच्या मांसाचं, राजमा घातलेलं चिली वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि सहज विचारावं तसं विचारलं, “गुरुवारी दूध होतं ना घरात?”

“होतं की. तूच तर सांगितलंस. दोनदा.”

“दोनदा?”

“फोन ठेवलास, आणि पाच मिनिटांनी परत केलास. अर्धा गॅलन आहे म्हणून. मी म्हटलं, अरे बाबा, कळलं मला.” ती हसत होती, मग त्याच्याकडे बघून हसायची थांबली. “काय झालं रे?”

“काही नाही. छान झालंय चिली.”

आपण केलेला तो दुसरा फोन त्याला आठवतच नव्हता. डोक्यात कुठेही नव्हता. भीती वाटली, सरळ भीती, आणि तिच्याबरोबर मोठी लाज... आणि तरी ताटातलं त्याने सगळं संपवलं, नाहीतर लॉर्ना विचारत बसली असती.

खाली येऊन त्याने एकेक काडतूस हातोडीसारख्या त्या अवजारात अडकवून फरशीवर आपटलं. तीन-चार ठोक्यांत गोळी सुटते, बारूद सांडतं. वीस काडतुसं. मग दोन्ही बाटल्या घेऊन तो मागच्या अंगणात गेला आणि लॉर्नाच्या रुबार्बच्या वाफ्यात सगळं पातळ पातळ पसरून टाकलं, जुनी माणसं टाकत आली तसंच. झाडांना बरं असतं म्हणतात. शेवटची बाटली रिकामी करताना त्याला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

चारला टेसची गाडी आली. “बाबा! कुठेयत माझी रत्नं?”

बारुदाला ओल लागली, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. ओल कोणालाही लागते. वाक्य ओठांपर्यंत आलं सुद्धा. “काडतुसं नाहीत, टेस. गुरुवारी कुठलं बारूद कशात ओतलं ते मला आठवत नाही. दुकानातली घे.”

तिने वाफ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “हॉइटकाकाला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“नको सांगूस. गावभर पेढे वाटेल तो.” मग जरा हळू आवाजात, “हे पहिल्यांदाच झालं का, बाबा?”

“माहीत नाही.”

तिने मान हलवली. नाक ओढलं, हातमोजे काढून खिशात कोंबले. “फळीवर दुसरं काय आहे?”

“ते मटारवालं. थंडीत वीतभर खाली लागेल.”

“मग मी शंभर पावलं जवळ जाऊन मारेन. चल. तू भर, मी समोर बसते.” आणि ती त्याच्या आधी जिना उतरूनही गेली.

तो दारात उभा होता, आणि तेवढ्यात ते आलं — गुरुवार, जिना, रेडिओवर लागलेलं हवामान, आपला हात, पांढरं झाकण, भांड्यातली धार पांढऱ्या बाटलीत जाताना... स्वच्छ. लख्ख. सगळं बरोबरच झालं होतं. सकाळी या आठवणीसाठी त्याने काय वाटेल ते दिलं असतं. तो त्या आठवणीकडे बघत राहिला. खरीही असेल. हवी म्हणून आलेलीही असेल. आतून दोन्ही सारख्याच दिसतात. तिच्या भरवशावर टेसच्या हातात रायफल द्यायची नाही, एवढं मात्र कळलं, आणि हे एकदा कळलं की सगळं संपेल असं जे त्याला दिवसभर वाटत होतं, तसं काही झालं नाही. वाफ्यावर ऊन होतं. खाली टेस कपाट उघडत होती.

“बाबा, हीच ना?”

“मला विचारू नकोस,” तो कठडा धरून उतरता उतरता म्हणाला. “लेबल मोठ्याने वाच.”